दुखा, पुढं हो

आमच्या घरात मार रोजचा होता. आई सेलूच्या जिनिंगमधून केसांत कापूस घेऊन यायची आणि बाप दारू पिऊन. आजही सरकीचा वास आला की मला ती एक संध्याकाळ आठवते.

आईनं आतून कडी लावली होती आणि बाप बाहेरून कुऱ्हाडीनं दार फोडत होता. "उघड, न्हाई तर तोडून टाकीन तुला." मी आईचा पदर घट्ट धरून उभी होते. आईनं घाव जरा वेळ ऐकले आणि रिकाम्या घागरीवर तोच ठेका धरला. दारातल्या भिकाऱ्याला परतवतात ना, तशा सुरात ती गायला लागली:

"दुखा रं, पुढं हो, घरात कुणी न्हाई."

"आई, गप की. त्यो आजून चिडायलाय."

"चिडू दे. ठेका लय चांगला द्यायलाय."

फळी फुटली. कुऱ्हाडीचा दांडा आईच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. घागर थांबली, आई थांबली नाही. मग घागर मी वाजवली.

तेव्हा वाटलं होतं, आई येडी झाली. आता कळतं, बापाला अडवणं तिच्या हातात नव्हतं, दुःखाला अडवणं होतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी परभणीला निघून आलो. आई आता ते गाणं मंचावर गाते, वाकड्या मनगटानं घागर वाजवत. आमच्या दारावरच्या पाटीवर आधी तिचं नाव आहे, खाली माझं, आणि माझ्या नावापुढं बी.ए.