राहूचं शून्य लिटर

गौतमीला दूध मुळीच आवडत नसे, चहासुद्धा ती कोराच प्यायची. आणि तिला पहिली नोकरी लागली ती यवतजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात.

ती वाढली दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. वडील शंकरराव लोको शेडमध्ये फिटर होते. शिरूरला मावशीकडे राहून तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि २००१ साली ऑपरेटर म्हणून केंद्रात रुजू झाली. तिथला पर्ल भाषेतला प्रोग्रॅम पुण्याच्या एका गृहस्थानं लिहून दिला होता. ते पुढं परदेशी गेले. मागं राहिली ती त्यांच्या प्रोग्रॅमची छापील प्रत, तीही कुणीतरी चहाचा कप ठेवून डागाळलेली.

काम सरळ होतं. सकाळी साडेसातला मुख्य प्रोग्रॅम सुरू करायचा. तो अकरा गावांसाठी एकामागून एक छोटा प्रोग्रॅम कामाला लावी, त्याला ‘चाइल्ड’ म्हणत. चाइल्डनं मोडेमवरून गावातल्या संकलन केंद्राला फोन लावायचा, किती लिटर दूध जमलं तो आकडा आणायचा आणि संपायचं. मग कागद छापून निघे. तो बघून केंद्राचे मॅनेजर जालिंदर आप्पा टँकर कुठल्या रस्त्यानं न्यायचा ते ठरवत.

मे महिन्यातल्या एका सकाळी कागदावर आलं: राहू, शून्य लिटर, ठीक. आप्पांना वाटलं, राहू गावात जत्रा असेल, संकलन बंद ठेवलं असेल. टँकर राहूला गेलाच नाही.

दुपारी राहूच्या केंद्राचे म्हस्कूमामा जीपमधून आले. हातातला कॅन त्यांनी गौतमीच्या टेबलाशी ठेवला आणि शांतपणे झाकण काढलं.

“पोरी, ह्यो तुझा शून्य. वास घे जरा.”

अख्ख्या खोलीत आंबूस वास पसरला. गावाचं सकाळचं सगळं दूध नासलं होतं. आप्पा म्हणाले, उद्यापासून आपले फोनवरच आकडे विचारू, हे यंत्र काय कामाचं? तिनं त्यांच्याकडं चार दिवस मागून घेतले.

आधी तिनं एकट्या राहूचा चाइल्ड चालवून पाहिला. तिथली लाइन अलीकडं इतकी रेंगाळायची की एखाद्या दिवशी जोडणी व्हायलाच मिनिटाच्या वर जाई. प्रोग्रॅममध्ये साठ सेकंदांचा अलार्म लावलेला होता. वेळ संपली की चाइल्डला सिग्नल जायचा. पण सिग्नल आल्यावर करायचं काय, हे कुणी लिहिलंच नव्हतं. त्यामुळं चाइल्ड आकडा न आणताच जागच्या जागी मरायचा, आणि कागदावर लिटरच्या जागी शून्य छापलं जायचं.

हे समजलं, तरी मेलेल्या चाइल्डपुढं ‘ठीक’ कोण लिहितंय, हे कळेना. दौंडच्या एसटीत बसून ती डागाळलेले कागद वाचत राहिली. चाइल्ड संपला की मुख्य प्रोग्रॅमला एक आकडा मिळायचा. त्या आकड्याचा एक भाग सांगे, चाइल्ड आपणहून संपताना काय कळवून गेला. दुसरा भाग सांगे, त्याला सिग्नलनं मारलं का. पुण्याच्या गृहस्थांनी फक्त पहिला भाग बघितला होता. सिग्नलनं मेलेला चाइल्ड काहीच कळवत नाही, म्हणून तिथं शून्य. आणि शून्य म्हणजे ठीक!

दुसऱ्या दिवशी तिनं अख्खा आकडा छापून पाहिला. चौदा. पर्लच्या पुस्तकात सिग्नलची यादी उघडली, तर चौदा नंबरचा सिग्नल अलार्मचा. ती एकटीच मोठ्यानं हसली. बाहेर कॅन धुणाऱ्या मुक्ताबाई आत डोकावून गेल्या.

मग तिनं दुरुस्ती केली. अलार्म वाजला की चाइल्डनं आधी फोन खाली ठेवायचा, मग आपल्याला जमलं नाही असं कळवून संपायचं. मुख्य प्रोग्रॅमनं आकड्याचे दोन्ही भाग बघायचे, गडबड दिसली तर त्या गावाला तीनदा फोन लावायचा, आणि तरी जमलं नाही तर शून्य न लिहिता ‘निरोप नाही’ असं लिहायचं.

आप्पांचा विश्वास बसेना. तेव्हा तिनं म्हस्कूमामांना सांगून ठेवलं, की उद्या सकाळी फोनची वायर काढून ठेवा. आप्पा तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. कागद निघाला: राहू, निरोप नाही, तीन वेळा प्रयत्न.

आप्पांनी कागद दोनदा वाचला. “म्हंजी दूध हाय का न्हाई, ते ह्याला ठावं न्हाई?”

“व्हय आप्पा. आन् ठावं नसलं, तर तसं सांगतंय.”

“मग टँकर धाडतो,” म्हणून ते बाहेर पडले. टँकर भरून आला. वायर परत जोडायचं मात्र म्हस्कूमामा विसरले, आणि दुसऱ्या दिवशीही राहूचा निरोप आला नाही.

सहा वर्षांनी गौतमी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागली. लग्न झालं, शिरूरला घर झालं. कारखान्यात तिचा सहकारी विनोद नवीन प्रोग्रॅम लिहून दाखवायला आला, की ती तो नीट चालतो का, हे विचारतच नसे. शेजारी खुर्ची ओढून बसायची, त्यातल्या चालू चाइल्डला स्वतःच्या हातानं सिग्नल पाठवून मारायची आणि पडद्यावर काय उमटतं ते बघत राहायची. विनोद पहिल्यांदा दचकला होता. पुढं पुढं तो तिच्याकडं यायच्या आधी आपल्या टेबलावर तेच करून येऊ लागला.