चाचे: पाहा, आरमार

शुक्रवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कुणी काही ठेवायचं नाही, असा नियम मी त्या वर्षी आमच्या अजमानच्या घरात केला होता. त्या टेबलावर एका इंग्रज गृहस्थांची आयुष्यभराची मेहनत पसरलेली असे.

ते नौदलाचे इतिहासकार. मी त्यांना सर म्हणायची. शारजातल्या आमच्या जहाज कंपनीनं त्यांना अरबी समुद्रावरच्या आरमारांचा इतिहास लिहायला बोलावलं होतं, एक खोली दिली होती आणि ऑफिस सांभाळणाऱ्या मला त्यांच्या मदतीला दिलं होतं. जुन्या पत्रांतून तरुणपणापासून टिपून ठेवलेली कार्डं ते बुटांच्या खोक्यांत भरून घेऊन आले होते. एका जहाजाला एक कार्ड. जहाजांवर इतकं लिहिलेल्या या माणसाला स्वतःला मात्र बोट लागायची. दुबईची खाडी ओलांडायलाही ते अब्रात, म्हणजे तिथल्या छोट्या होडीत, बसत नसत, टॅक्सीनं पुलावरून वळसा घालून येत.

मग २००८ची मंदी आली. आमच्या मजल्यावरची टेबलं एकेक करून रिकामी झाली. एके दिवशी एचआरचे साहेब आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बुक प्रोजेक्ट खलास. गुरुवारपर्यंत खोली खाली करा. हे सगळं श्रेडिंगला जाईल."

मी विचारलं, "कार्डं कंपनीची आहेत का?"

"नाहीत. पण ठेवणार कुठे?"

"ते मी बघते," मी म्हणाले आणि पॅकिंगची टेप मागवली.

पुस्तक लिहून झालं होतं. राहिली होती ती शेवटची सूची, कोणता विषय कोणत्या पानावर आहे हे सांगणारी. इंग्लंडमधला एक छोटा प्रकाशक पुस्तक घ्यायला तयार होता, पण सूचीसकट आणि महिन्याभरात. सरांचा व्हिसाही तेव्हाच संपत होता. सूची झाली नाही, तर पुस्तक गेलं. म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही ती आमच्या घरी करायची ठरवली.

नवरा म्हणाला, "अगं, पगार कापलाय तुझा आणि वर हे फुकट?"

"मग शुक्रवारी काय करू? मॉलमध्ये बंद पडलेली दुकानं बघत फिरू?"

मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मी, इट्स जस्ट अ लिस्ट."

"लिस्टच आहे. म्हणून नीट करायची."

तिसऱ्या आठवड्यात मी 'पायरेट्स' या शब्दावर आले. चाचे. त्याखाली सरांनी कोकणातलं सगळं आरमार बसवलं होतं. माझं माहेर रत्नागिरीकडचं. ज्या किल्ल्याच्या तटावर बसून आम्ही बोरं खाल्ली, तोही तिथेच होता. इथल्या किनाऱ्यावरची अरब जहाजंही तिथेच.

"सर, हे चाचे कसे?"

"मॅडम, त्या काळच्या पत्रांत तसंच लिहिलंय."

"पत्रं कुणाची?"

"आमच्या त्या वेळच्या इंग्रज व्यापारी कंपनीच्या कप्तानांची."

"तुमच्याच तिसऱ्या प्रकरणात आहे, कंपनी जहाजांना परवाने द्यायची. आमचं आरमारही द्यायचं आणि परवाना नसेल तर जहाज धरायचं. तुमचा कायदा आणि आमचा दरोडा?"

"सूची करणाऱ्यानं मत द्यायचं नसतं."

"मग 'चाचे' हे काय आहे?"

मी कार्डं खोक्यात भरायला लागले. नवरा स्वयंपाकघरातून कप घेऊन आला. "यल्ला, चला, चहा घ्या आधी. मग लढा."

पुढच्या शुक्रवारी सर आले ते बूट काढता काढताच बोलायला लागले. "तो शब्द काढू नका. वाचणारा त्याच शब्दाखाली शोधणार. तिथे काहीच नसेल, तर तो पुस्तक मिटून ठेवील. त्याला तिथून योग्य जागी पाठवा."

हे मला सुचलं नव्हतं. मी नवीन कार्ड घेतलं आणि लिहिलं, "चाचे: पाहा, आरमार." पुढे पानाचा एकही आकडा नाही. कोकणातली आणि इथली सगळी जहाजं मी 'आरमार'खाली हलवली. सरांनी प्रत्येक कार्ड तपासलं आणि एकही परत केलं नाही. व्हिसा संपायच्या आधी सूची प्रकाशकाकडे गेली. पाठोपाठ सरही गेले.

पुस्तक आलं तेव्हा मी अबुधाबीत नोकरीला लागले होते. उघडलं ते शेवटूनच. 'चाचे'पुढे 'पाहा, आरमार' होतं आणि त्याच्यापुढे मी न घातलेला पानाचा एक आकडा होता. ते पान काढलं. तह झालेला असताना कोकणातलं एक गलबत लुटून त्यातला माल स्वतःसाठी विकणारा एक इंग्रज कप्तान तिथे होता. छपाईआधीच्या शेवटच्या तपासणीत सरांनी तो आकडा स्वतः घातला होता.

दोन प्रती आल्या होत्या. एक घेऊन मी शारजाच्या जुन्या ऑफिसात गेले आणि एचआरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले. "सूचीसकट."