सासऱ्यांबरोबर मांडूपर्यंत

आमचं लग्न जुळलं त्या वर्षी मी धारच्या कचेरीत कारकून होतो. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती आणि जुनी दप्तरं नव्या कपाटांत लावण्याचं काम माझ्याकडे होतं. दिवसभर बसून असायचो. चालणं व्हायचं ते पानाच्या दुकानापर्यंत.

देवासचं स्थळ मामांनी आणलं. मुलीचे वडील तिथल्या थोरल्या पातीच्या पलटणीत सुभेदार होते. देवासला एकाच गावात दोन राज्यं, त्यामुळे पलटणीला लढाई करायला फारसं कोणी नव्हतंच, पण धावण्याची कवायत मात्र कडक असे. पलटण मोडली, सुभेदार घरी बसले, पण धावणं सुटलं नाही. वय चौपन्न.

मुलगी पाहायला आम्ही देवासला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, की गोत्र विचारलं नाही. माझ्या पोटऱ्यांकडे बघत म्हणाले, "धावता का?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "धावतो म्हणजे काय, रोज धावतो."

हे अगदीच खोटं नव्हतं. कचेरीला उशीर झाला की मी धावायचो.

"उत्तम," सुभेदार म्हणाले. "मग पत्रिका मागाहून बघू. दिवाळीनंतर आम्ही धारला येतो. नालछ्याहून मांडूच्या वेशीपर्यंत आणि परत, तेरा मैल. बरोबर धावू."

मुलगी खाली मान घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे.

परतीच्या मोटारीत मी मामांकडे पाठ करून बसलो. मामाच बोलत होते. "म्हातारा आहे रे. दोन मैलांत बसेल."

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे मुंज तलावाच्या काठानं धावू लागलो. पहिल्याच सकाळी ओळखीचा दूधवाला सायकल घेऊन शेजारून चालू लागला आणि काळजीनं म्हणाला, "कई हुयो भिया? घर में सब ठीक तो है?" मी मानेनंच हो म्हटलं, कारण बोलण्याइतका श्वास उरला नव्हता. त्यानं पुढे जाऊन कोणाला काय सांगितलं कोण जाणे, पण मी घरी पोचलो तेव्हा शेजारचे दोघे जण आईला धीर द्यायला येऊन बसले होते.

ठरलेल्या दिवशी आम्ही सकाळच्या मोटारीनं नालछ्याला उतरलो. सुभेदारांबरोबर त्यांची बहीण आणि मुलगीही आली होती, कारण दोघींना मांडू बघायचं होतं. त्या दोघी, जेवणाचे डबे आणि पंच म्हणून मामा, अशी सगळी मंडळी एका बैलगाडीत बसली. गाडी सडकेनं येणार होती. आम्ही खोऱ्यातून.

"सडकेवर कोणीही धावेल," सुभेदार म्हणाले.

त्यांच्या पायांत पलटणीचे बूट होते. माझ्या पायांत मामांच्या एका मित्राचे कॅनव्हासचे बूट, दोन मापं मोठे, पुढे कापूस कोंबलेला. अंगात मामांची खाकी अर्धी चड्डी, कमरेला नाडीनं आवळून बांधलेली. आईनं दोन्ही खिशांत गूळ आणि भाजलेले चणे भरून दिले होते. धावताना ते खुळखुळ वाजत.

पहिला मैल आम्ही बरोबर होतो. सुभेदार पुटपुटत धावत होते, "डावा, उजवा, डावा, उजवा." मीही त्याच तालावर पाय टाकायला लागलो आणि थोड्या वेळानं लक्षात आलं, की माझा डावा त्यांच्या उजव्याला पडतो आहे. तो जुळवण्यात मी अडखळलो, तोवर ते वळणाआड गेले. पुढे नुसती दगडांची उतरण. खोऱ्यात उतरायला पायवाट म्हणावी असं काही नव्हतं. निम्मी उतरण मी पायांनी उतरलो आणि निम्मी बसून. बोरीच्या काट्यांनी चड्डीची मागची बाजू फाडली आणि खिसाही उसवला.

तळाशी ओढा होता. तिथं पाणी पिऊन मी चढायला लागलो तर मागून खुरांचा आवाज आला. वळून पाहतो तो एक बकरी. उसवलेल्या खिशातून मी वाटभर चणे सांडत आलो होतो आणि ती ते वेचत आली होती. तिच्यामागे आणखी एक. तिच्यामागे पंधरा-वीस.

मी वेग वाढवला. त्यांनीही वाढवला. बकऱ्यांना चढ म्हणजे काहीच नाही. पुढच्या बकरीनं माझ्या फाटक्या चड्डीचं टोक तोंडात धरलं आणि मग मी जो धावलो, तसा आयुष्यात पुन्हा कधी धावलो नाही. खालून एक म्हातारी भिल्लीण काठी उगारून ओरडत येत होती, "म्हारी बकरियां कठे ले जा रियो है?"

चढ संपल्यावर एका दगडावर सुभेदार बसले होते. दया येऊन माझी वाट पाहत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी त्यांच्या समोरून सुसाट गेलो आणि माझ्यामागून सगळा कळप. क्षणभर ते बघत राहिले. मग उठले आणि कळपाच्या मधून वाट काढत धावायला लागले. आपण मागे पडतो आहोत एवढंच त्यांना दिसत होतं. समोर मांडूची वेस दिसत असताना त्यांच्या पोटरीत गोळा आला आणि ते जिथल्या तिथे खाली बसले.

म्हातारी पोचली तेव्हा मी बकऱ्यांच्या गराड्यात वेशीच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि सुभेदार तिच्या हाताशी होते. तिनं त्यांच्याच बखोटीला धरलं.

"पेली म्हारी बकरियां, पछे थारो बुढ्ढो," ती मला म्हणाली.

"बाई, मी सुभेदार आहे," सुभेदार म्हणाले.

तिला त्याचं काही वाटलं नाही. मी दोन्ही खिसे उलटे करून उरलेले गूळ-चणे सगळे तिच्या ओच्यात ओतले. बकऱ्या लगेच माझ्याकडे पाठ फिरवून तिच्यामागे गेल्या. तेवढ्यात बैलगाडी येऊन ठेपली. मामा आत घोरत होते, त्यामुळे पंचाला यातलं काही कळलं नाही.

आत्याबाईंनी सुभेदारांच्या पोटरीला तेल चोळलं. सगळे म्हणाले, आता गाडीत बसा. सुभेदारांनी ऐकलं नाही. "अर्धी शर्यत बाकी आहे," म्हणून माझ्या खांद्यावर हात टाकून, या वेळी सडकेनंच, लंगडत परत निघाले. मांडू बघणं राहूनच गेलं. गाडी आमच्या मागोमाग. दोन मैल आम्ही असेच गेलो. तेही थकले होते आणि मीही, पण आधी कोण बसणार?

मग मुलगी गाडीतून उतरली आणि माझ्या बाजूनं चालू लागली. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, तेही समोर बघत, अगदी हळू. "तुम्ही आधी बसा. मग आबा बसतील."

"मग मी हरेन."

"हो," ती म्हणाली.

मी आणखी दहा पावलं चाललो आणि गाडीत जाऊन बसलो. सुभेदार थांबले. त्यांनी मामांना हलवून जागं केलं, कोण बसलं ते नीट दाखवलं, आणि मगच चढले. चढल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला, की दुखणारी पोटरीही ते विसरले.

"दम कमी आहे," ते मामांना म्हणाले, "पण पोरगा चढावर चांगला आहे. जनावरं घेऊन असं चढताना पलटणीतही कोणाला पाहिलं नाही."

डबे उघडले. मुलीनं मला पुरी वाढताना विचारलं, "रोज धावता हे खरं?"

"कचेरीला उशीर झाला की."

तिचे खांदे पुन्हा हलायला लागले, आणि या वेळी मला दिसलं, की ती हसते आहे. देवासलाही हसतच होती.

लग्न मार्गशीर्षात झालं. तोवर माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळून गेली होती आणि नवे जोडे पायांत जाईनात. लग्नाच्या फोटोत शेला आहे, मुंडावळ्या आहेत, आणि खाली मामांच्या जुन्या चपला आहेत. फोटोवाला म्हणाला होता की पाय येणार नाहीत. आले.