बिनतड्याची फुलदाणी

माझा बाप कासार. विट्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान मांडून बसायचा. त्यानं मला काच ऐकायला शिकवली. नवा माल आला की एकेक बांगडी नखानं टिचकवायची. धड असेल ती खणकन वाजते, तडा गेलेली बद्द वाजते. सात-आठ वर्षांची असताना मी डोळे मिटून बद्द बांगड्या बाजूला काढायची आणि बाप गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत बसायचा.

लग्न होऊन साताऱ्याला आले. लढाई सुरू झाली आणि आमचे हे पलटणीत भरती झाले. मागं बांगड्यांचं दुकान मीच चालवायची. तेव्हा पाचगणी-महाबळेश्वरकडचे काही साहेब बंगले सोडून निघाले होते आणि त्यांचं सामान एक म्हातारा गाड्यावर घालून विकायला आणायचा. पितळ, लोखंड हातोहात जायचं. रंगीत काचेला कुत्रं विचारत नव्हतं. ती मी घ्यायची. म्हाताऱ्याच्या बायकोच्या हातात बांगड्या भरायच्या आणि बदल्यात काच उचलायची, असा आमचा ठराव. निळी अत्तरदाणी, लाल पेला, असं करत फळी भरली. आळीतल्या बायका फिदीफिदी हसायच्या. म्हणायच्या, "काचंत बसून हिला काचंचंच डोहाळं लागल्यात." हसोत बापड्या! मला जे आवडलं ते आवडलं.

त्यातच ती फुलदाणी आली. पारव्याच्या मानेवर ऊन पडल्यावर रंग हलतो ना, तसा तिचा रंग. हिरवा म्हणेस्तोवर जांभळा. आणि पोटाशी, काचेच्या आतून फिरत गेलेला एक बारीक पांढरा दोरा. कारागिरानं तो मुद्दाम घातलाय हे मला बघताक्षणी कळलं.

माझ्या काचांना नावाजणारं माणूस एकच, माझी नणंद. सांगलीला दिलेल्या, यांच्याहून थोरल्या. त्या आल्या की एकेक वस्तू हातात घेऊन बघायच्या. म्हणून वन्संवर माझा फार जीव होता.

एकदा तीन महिने यांचं पत्र नव्हतं. रोज मी टपालवाल्याची वाट बघायची. त्याच दिवसांत वन्सं राहायला आल्या. फुलदाणी उजेडाला नेऊन त्यांनी कितीतरी वेळ फिरवून बघितली.

"अगं, हिला तडा हाय की."

"न्हाई वन्सं, दोरा हाय तो. ऐका." मी टिचकी मारली. खणकन वाजली.

"वाजंल गं! पण दिसतंय ते काय खोटं? माझा भाऊ तिकडं गोळ्यांत उभा हाय आन् तू तडा गेलेली काच घरात ठेवतीस? कासाराची लेक ना तू?"

आमच्यात सवाष्णीच्या बांगडीला तडा दिसला की ती तिथल्या तिथं हातातून उतरवायची, नवऱ्याच्या जिवावर बेततं म्हणून. बांगडी फुटली असंसुद्धा म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. हेच ऐकत मोठी झालेली मी. मी म्हटलं, फोडून टाकते.

"फोडू नगंस, अपशकुन. मी न्हेते सांगलीला, कृष्णामाईत सोडते."

लुगड्यात गुंडाळून त्यांनी ती नेली. पंधरा दिवसांत यांचं पत्र आलं. मी मनातल्या मनात वन्संच्या पाया पडले.

लढाई संपली, हे धडधाकट घरी आले. मग सांगलीला भाच्याची सुपारी फुटायची होती म्हणून आम्ही दोघं गेलो. वन्संच्या सोप्यात नवं काचेचं कपाट, आणि मधल्या फळीवर माझी फुलदाणी. वर मोराची पिसं खोचलेली. कपाट उघडून मी ती काढली आणि सगळ्या पाहुण्यांदेखत टिचकी मारली. खणकन.

"वन्सं, कृष्णामाईनं परत दिली व्हय?"

"तडा गेलेली काच तू घरातनं काढलीस म्हणून माझा भाऊ जित्ता आला," त्या म्हणाल्या. "आनी काय पायजे तुला?"

"आन् तुमी घरात ठेवली, तवा भावाची भीती न्हाई वाटली?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तिनं (हो, आता 'तिनं'च म्हणते) माझ्या कुंकवाची भीती घातली, सख्ख्या भावाचा जीव मधे घातला, एका फुलदाणीसाठी! आणि ती किती चांगली आहे हे सबंध मुलखात आम्हा दोघींनाच कळलं होतं.

हे पुढं आले. वाटलं, आता बहिणीला बोलतील.

"जाऊ दे गं, चांगल्या दिवशी कशाला? काचच ती. आक्काला आवडलीया, राहू दे." माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः ती फळीवर ठेवली.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. कऱ्हाडच्या पुढं यांनी खांद्याला हात लावला.

"रुसू नगंस. दुसरी आणू की तुला. बिनतड्याची."

फाडकन बोलायला मी वळले आणि परत खिडकीकडं तोंड केलं. माझ्या घरी पहिल्यांदा ती खणकन वाजली, तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं मीच केलं होतं.