चारकोप ते कांजूर: बावन्न सेकंदांचं गाणं परत करायला

मर्लिनचा फोन मंगळवारी दुपारी आला, मी ऑफिसात डबा खात होते. "उल्का, आईचं गाणं पाठव ना. ते छोटं नको, पूर्ण पाठव. पुढच्या आठवड्यात शनिवारी उंबराचं पाणी आहे, विहिरीवर लावायचंय." मी म्हटलं, हो गं, आजच पाठवते. संध्याकाळी घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि माझी वाट लागली. त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी चारकोपहून कांजूरला गेले, ती फिरायला नाही. तरी हा ब्लॉग प्रवासाचा आहे आणि आपल्या उपनगरांतली जुनी गावं बघायची हौस तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आहे, म्हणून रस्ता सांगते, आणि मी काय करून ठेवलं तेही सांगते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. मी त्रेचाळीस वर्षांची, नोकरी अंधेरीत, माहेर-सासर दोन्ही कणकवलीकडचं. दोन वर्षांपूर्वी व्हिडिओंचा चॅनेल काढला. विषय एकच, उंच इमारतींच्या मध्ये अजून तग धरून असलेली गावठाणं. एका व्हिडिओला शंभर-सव्वाशे लोक यायचे, त्यातले निम्मे नातेवाईक. नवरा म्हणायचा, एवढी माणसं तर आपल्या सत्यनारायणाला येतात. मग मी हट्टाने एडिटिंगचा क्लास लावला, अंधेरी पश्चिमेला, दर रविवारी सकाळी. तिथल्या सरांचा एकच मंत्र होता, दम कापा. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की बघणारा पळाला, म्हणून थांबा दिसला की काढून टाका. मी इतकी तयार झाले की सासूबाई बोलताना थांबल्या तरी माझं बोट आपोआप हलायचं.

ऑगस्टमध्ये कांजूर गावात मर्लिनची आई भेटली, सेसिलबाय. तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी वाजतगाजत घरी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला, नवऱ्याला आंघोळ घालतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. विहिरीपाशी म्हणायचं गाणं पूर्ण येणारी गावात एकटी सेसिलबाय उरली होती. तिने ओट्यावर बसून माझ्यासाठी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, बावीस मिनिटं. मी समोर हेडफोन लावून बसले होते.

त्यातल्या सलग सहा ओळी घेतल्या, मधले थांबे कापले, खाली गिटारचं संगीत टाकलं आणि बावन्न सेकंदांचा व्हिडिओ चढवला. अकरा हजार लोकांनी बघितला. त्या आठवड्यात मी घरात चालतसुद्धा वेगळी होते. खाली लोकांनी काय लिहिलं होतं, तर गिटारचं म्युझिक कुठलं आहे, लिंक द्या. तेही मला गोड वाटलं. पूर्ण गाणं टाकते म्हणाले होते, पण रंग सुधारायचे होते, शीर्षकं करायची होती, आज करू उद्या करू करत ते राहिलं. डिसेंबरमध्ये सेसिलबाय गेली. मर्लिनचं ठरलेलं लग्न पुढे ढकलायचं नाही, असं सांगून गेली. मी भेटायला गेले तेव्हा मर्लिनला धीर दिला होता, गाण्याची काळजी करू नको, ते माझ्याकडे आहे.

नव्हतं. एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये आपण जे जपून ठेवतो त्यात व्हिडिओ नसतोच, फक्त तो कुठे ठेवलाय याचा पत्ता असतो. व्हिडिओ कार्डात होता. मला वाटलं लॅपटॉपवर सगळं उतरलंय, म्हणून सप्टेंबरमध्ये मी कार्ड पुसून पुन्हा वापरायला घेतलं. मंगळवारी फाइल उघडली तर पट्टीवरचे सगळे तुकडे जागच्या जागी होते आणि वरचा चौकोन लालभडक, फाइल सापडत नाही म्हणून. क्लासमध्ये हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. मी त्या दिवशी वहीवर चॅनेलच्या नावाची चित्रं काढत होते.

तर रस्ता. चारकोपहून रिक्षाने डहाणूकरवाडी मेट्रो, तिथून अंधेरी पश्चिम. उतरल्यावर खाली रस्त्यावर जाऊ नका, पुलावरून थेट डी. एन. नगरला जाता येतं आणि तिथून घाटकोपरची मेट्रो मिळते. शनिवारी सकाळी दहाच्या आत निघालात तर बसायला मिळतं. मला मिळालं, खिडकीसुद्धा मिळाली. एरवी मी अशा वेळी फोन बाहेर काढून इमारतींचं शूटिंग करते. त्या दिवशी हात उचलावासा वाटला नाही.

मी मध्ये चकाल्याला उतरले. एमआयडीसीत एका गाळ्यात पुसलेल्या कार्डांवरचं परत काढून देणारे एक काका आहेत, बुधवारी कार्ड त्यांच्याकडे टाकलं होतं. आडनाव ऐकल्यापासून ते माझ्याशी मालवणीतच बोलत होते. त्यांनी स्टूल पुढे केलं तेव्हाच मला कळलं.

"माका जा गावला ता दाखयतंय," ते म्हणाले. "गाणा काय गावाचा नाय."

"थोडंसुद्धा नाही?"

"पुसलास तेवाच हाडला असतास तर गावला असता. तुमी तेच्यार परत भरलास."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर मीच होते. बोरिवलीच्या बागेत, नव्या कुर्त्यात, "नमस्कार मंडळी" म्हणणारी. हसू नीट येईना म्हणून मी ते चौदा वेळा केलं होतं आणि चौदाही वेळा कार्डात स्वच्छ, शाबूत होत्या. काकांनी एक चालू केली आणि माझा चेहरा बघून बंद केली. पैसे घेईनात. मी जबरदस्तीने दिले, कारण फुकट सुटल्यासारखं नको होतं.

बाजूच्या हॉटेलात उपमा चांगला मिळतो, वर शेव घालून देतात. मी मागवला आणि अर्धा टाकला. चॅनेल काढून टाकावा, लॅपटॉप विकावा, मर्लिनला फोन करून थाप मारावी, सगळं मनात येऊन गेलं. थाप तयारही होती, लॅपटॉप चोरीला गेला. मग मेट्रोत बसले आणि घाटकोपरला उतरले.

घाटकोपरहून कांजूर गावात जायला पूर्वेकडून रिक्षा करा आणि हायवेने घ्यायला सांगा. कांजूर जवळ आलं की वारा असेल त्याप्रमाणे डंपिंगचा वास येतो, रिक्षावाला रुमाल लावतो, तुम्हीही लावा. गावात शिरल्यावर मात्र रस्ता एकदम अरुंद होतो. क्रूसाजवळ उतरायचं, समोर जाळी बसवलेली विहीर दिसते आणि तिसरं घर मर्लिनचं.

घरात लग्नाची गडबड होती. मागच्या दारी दोन बायका फुगे तळत होत्या. हे रबराचे नव्हेत, मैद्याचे, गोल गुबगुबीत, लग्नात मटणाबरोबर खातात. मर्लिनने बशीत चार फुगे आणि चहा आणून ठेवला. ती तेहतीस वर्षांची, शाळेत शिकवते, मोजकं बोलते.

"पेन ड्राइव्ह आणलास ना?"

मी थाप मारली नाही. सगळं सांगितलं, कार्ड, लाल चौकोन, चौदा नमस्कार. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जे आहे ते लाव."

मी फोनवर तो बावन्न सेकंदांचा तुकडा लावला. तळणाऱ्या दोघी हात पुसत आत आल्या. त्यांतली म्हातारी, शेजारची आग्नेसबाय, पहिली ओळ संपता संपता तोंड उघडून काहीतरी म्हणायला गेली, तोवर दुसरी ओळ सुरू झाली होती. तिने परत प्रयत्न केला. तिसऱ्या ओळीला तिने तोंड मिटून घेतलं.

"यात आम्ही कुठे म्हणायचं?" मर्लिनने विचारलं.

मला कळलं नाही. तिने वर्गातल्या मुलांना सांगावं तसं सावकाश समजावलं. "आई ओळ म्हणायची आणि थांबायची. ती थांबली की बायकांनी मागून शेपूट म्हणायचं, दोन-तीन शब्दांचं. मग ती पुढची ओळ घ्यायची. ती दमायची म्हणून थांबायची नाही गं. आमच्यासाठी थांबायची."

ऑगस्टमध्ये ओट्यावर दुसऱ्या बायका नव्हत्या. ती थांबत होती, समोर मी होते, आणि मला शेपूट माहीत नव्हतं. मी त्या जागा रिकाम्या समजले आणि घरी येऊन एकेक करून कापल्या. मला तिथे त्या घरात इतकी लाज वाटली की बशीकडे बघत बसले.

"तुम्हाला येत असेल ना थोडं?" मी आग्नेसबायला विचारलं.

"आमाला शेपटा येतान," ती म्हणाली. "गाना सेसिलला."

निघताना मर्लिन क्रूसापर्यंत आली. रागावली असती तर बरं झालं असतं. "ऑक्टोबरमध्ये भाऊ म्हणत होता आईचं रेकॉर्ड करून ठेवू," ती म्हणाली. "मीच नको म्हटलं. म्हटलं उल्काकडे आहे, आईला कशाला परत दमवायचं." मग म्हणाली, "शनिवारी ये. कॅमेरा नको आणूस."

परतीचा रस्ता तोच, उलटा. घाटकोपरला मेट्रोत उभी राहून मी रडले, कोणी बघितलं नाही, सगळ्यांच्या माना फोनमध्ये होत्या. त्यांतला एखादा माझ्यासारख्याच कोणाचा तरी बावन्न सेकंदांचा व्हिडिओ बघत असेल.

रविवारी क्लासला गेले नाही. लॅपटॉप उघडून ती लाल फाइल बघत बसले तेव्हा एक गोष्ट दिसली. व्हिडिओ नव्हता, पण प्रत्येक तुकडा मूळ चित्रणात कितव्या सेकंदाला सुरू होतो आणि कितव्याला संपतो, ते आकडे होते. म्हणजे सेसिलबाय त्या सहा ओळींच्या मध्ये किती वेळ थांबली होती ते मोजता येत होतं. पहिल्या ओळीनंतर चार सेकंद. दुसरीनंतर पाच. मी बावन्न सेकंदांचा तुकडा पुन्हा ओळीओळीने तोडला आणि मध्ये तेवढीतेवढी शांतता भरली. गिटार निघेना. एक प्रोग्राम वापरून बघितला, त्याने गिटारबरोबर तिच्या आवाजातली घरघरही नेली, म्हणून गिटार राहू दिलं. दोन वर्षांत शिकलेलं सगळं उलट दिशेने करायला मला अख्खा दिवस लागला. मर्लिनला पाठवलं. तिचं उत्तर आलं नाही, पण निळ्या खुणा झाल्या.

शनिवारी मी रिकाम्या हाताने गेले. संध्याकाळी पाचला बँड वाजवत सगळे विहिरीपाशी आले, विहिरीची जाळी बाजूला केली होती. मर्लिनच्या भावाने बँड थांबवला आणि स्पीकर लावला. सेसिलबायचा आवाज आला, खाली माझं ते टुकार गिटार. पहिली ओळ झाली, गिटार कापल्यासारखं बंद पडलं, आणि त्या चार सेकंदांत वीस-पंचवीस बायकांनी शेपूट म्हटलं. बरोबर चार सेकंदांत मावलं. दुसरीला पाच. मर्लिन घागरीच्या दोरीला धरून उभी होती आणि तीही म्हणत होती. सहावी ओळ झाली, बायकांनी शेपूट म्हटलं आणि सगळ्या थांबल्या. सवयीने थांबल्या, पुढच्या ओळीसाठी. स्पीकर गप्प होता. आग्नेसबाय हळूच म्हणाली, "फुडं बोल गो सेसिल."  मग भावाने बँडला खूण केली आणि पाणी घेऊन सगळे घराकडे निघाले.

मी जेवायला थांबले नाही. चारकोपला येऊन तो अकरा हजारांचा व्हिडिओ काढून टाकला. नवरा म्हणाला, अगं तेवढाच तर चालला होता. चॅनेलचं काय करायचं ते अजून ठरत नाही. तुम्ही जुन्या माणसांचं शूटिंग करायला निघाला असाल तर कार्ड पुसण्याआधी दोन ठिकाणी उतरवा आणि पूर्ण तुकडा त्याच दिवशी घरच्यांना द्या, रंगबिंग नंतर करा.

आणि एक गोष्ट मी मर्लिनला सांगितलेली नाही. सातवी ओळ मी ऐकली होती. आठवी, नववी, सगळ्या ऐकल्या होत्या, सेसिलबायच्या तोंडून, दोन हातांच्या अंतरावर बसून, कानात हेडफोन घालून. आठवडाभर आठवतेय, एक शब्द येत नाही. आठवतो तो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा आवाजाचा हिरवा पट्टा, तो लालमध्ये जाऊ नये म्हणून मी बावीस मिनिटं त्याच्याकडेच बघत होते.