थेल्मासाठी पिचची माती

केल ट्रेझाइज आयुष्यभर ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या बसगाड्यांखाली आडवा पडून नटबोल्ट आवळत राहिला आणि निवृत्त झाल्यावर त्यानं घरात पाच घोरपडी आणल्या. जात बुटकी, शेपटीसकट हातभर. सरकारी परवाना रीतसर भिंतीवर लावलेला. बायकोचं, म्हणजे ग्लेनिसचं, लग्नातलं कपाट दिवाणखान्यात आडवं पाडून त्यानं त्यांना पेटीवजा बंगला बांधला. आत फरशांची उतरंड, फटीफटींत लपायला खोल्या, वर दिवा. दिव्याखालचा दगड साठ अंश तापायचा. बाहेर जूनच्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याच्या, थंडीत दव गोठलेलं, आणि त्याच दिवाणखान्यात सासूबाई थेल्मा दोन ब्लँकेटं नि कानटोपीत बसलेल्या.

"पुढच्या जन्मी पाल होते," त्या म्हणायच्या. "या घरात तेवढीच किंमत आहे."

"घोरपड आहे ती, थेल्मा."

"मग जन्म कशाला बदलू? चौऱ्याऐंशी वर्षांत मी तरी धरलेलं काय सोडलंय?"

केलनं जीभ चावली. कारण सगळ्यात लठ्ठ मादी दिवसभर दिव्याखाली बसून एका डोळ्यानं घरावर पाळत ठेवायची, आणि तिचं नाव त्यानं थेल्मा ठेवलं होतं. ही गोष्ट फक्त ग्लेनिसला माहीत होती. म्हणजे ग्लेनिसला आणि आमच्या गल्लीला.

पुढे ही थेल्मा गाभण राहिली. तिला अंडी घालायला खोल, ओलसर, न ढासळणारं बीळ लागतं. केलनं गुडघाभर माती भरली होती, पण त्यात रेतीच फार. ती उकरायची, बीळ कोसळायचं, ती दुसरीकडे उकरायची. ज्यानं घोरपडी विकल्या तो फोनवर म्हणाला, "दोन दिवसांत बीळ टिकलं नाही, तर अंडी पोटात अडकून मरेल." केलला मटणाचं पॅटिससुद्धा गोड लागेना.

सकाळी पेटीत डोकावून तो स्वयंपाकघराकडे ओरडला, "ग्लेनिस! थेल्मानं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही! पोट बघ कसं टम्म फुगलंय! आज अंडी घातली नाहीत तर गेलीच म्हणून समज!"

मागे टोस्ट खाणाऱ्या सासूबाईंचा घास हवेतच थांबला.

"ग्लेनिस," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं पोट फुगलंय का गं?"

केलला सगळं कबूल करावं लागलं. सासूबाईंनी ब्लँकेटं फेकली आणि पेटीपाशी आल्या. दोघी थेल्मा एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सासूबाईंनी आत हात घालून मूठभर माती आवळली, मूठ उघडली. माती भुरभुर सांडली.

"ही माती? हिच्यावर बालवाडीची मॅचसुद्धा झाली नसती. जा, मर्वची पोती आण."

केल हबकला. मर्व म्हणजे त्याचे दिवंगत सासरे. चाळीस वर्षं क्रिकेट क्लबची पिच त्यांनी सांभाळलेली. त्यांच्या काळ्या मातीची शेवटची दोन पोती शेडमध्ये कुलपात होती. केलनं एकदा टोमॅटोसाठी ओंजळभर मागितली, तर सासूबाई महिनाभर बोलल्या नव्हत्या.

"मर्वची? नक्की?"

"त्याच्या पिचला भेगा पडायच्या, पण ती कधी ढासळली नाही. हल की!"

रेतीत काळी माती मिसळली. सासूबाई वरून पाणी शिंपडत होत्या, केल ग्लेनिसचं लाटणं फिरवत होता.

"दाब! रोलर फिरवतोयस की लोणी लावतोयस?"

त्या दुपारी थेल्मा मातीत शिरली ती दिसेनाच. सासूबाईंनी खुर्ची पेटीला चिकटवली आणि जेवणही तिथंच मागवलं. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला बाई बाहेर आली. नाकावर चिखल, पोट सपाट. आल्या आल्या सात झुरळं मटकावली. केलनं हलकेच उकरलं. बीळ शाबूत, तळाशी नऊ अंडी.

केलचे डोळे भरून आले. सासूबाई मात्र दिव्याखाली लोळणाऱ्या नराकडे बोट दाखवत होत्या.

"आणि हा? इतकं रामायण झालं, ढिम्म हलला नाही. याचं नाव काय?"

"अजून ठेवलं नाही."

"ठेवलं," सासूबाई म्हणाल्या. "केल."