मंगळवारी अंजनगावला कोण गेलं होतं?

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी अकोल्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. कोणी असा अनुभव सांगायला लागलं, की मी मनातल्या मनात त्यातल्या चुका शोधायचो... आता माझ्याच अनुभवात शोधतोय. सापडत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी गाडीवरून पडलो, डोक्याला मार बसला. बाकी सगळं ठीक झालं, पण बारीकसारीक गोष्टी विसरायला लागलो. डॉक्टर म्हणाले, रोज लिहीत जा. म्हणून ब्लॉग सुरू केला. प्रायव्हेट – वाचणारा मी एकटाच. संध्याकाळचा चहा झाला की दहा-बारा ओळी. वर्गात काय झालं, कोण भेटलं, भाजी कशाची होती. पुढे त्याची सवयच लागली.

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी लिहायला बसलो, तर मंगळवारच्या दोन नोंदी! एक माझी, प्रॅक्टिकल परीक्षेची. दुसरी दुपारी दीडची –

"अंजनगावला मावशीकडे आलो. न्हाणीत पडली होती, घामानं भिजलेली, ओ देत नव्हती. ऑटोनं दवाखान्यात आणलं. साखर फार उतरली होती म्हणे. सलाइन लावलं, आता बोलतेय."

अंजनगाव सुर्जीची ही माझी सख्खी मावशी. एकटीच राहते, मुलगा पुण्याला. आणि मंगळवारी मी सकाळी दहा ते पाच लॅबमध्ये होतो! बाहेरून आलेले परीक्षक दिवसभर शेजारी बसलेले.

पहिला संशय बायकोवर. पासवर्ड तिलाच माहीत असणार.

"हे कोणी लिहिलं, सुनंदा? खरं सांग."

"तुमचा ब्लॉग म्या कधी उघडूनयी पायला नाही," ती भडकली. "अन् मावशी पडल्या असतीन तं पयले फोन लावा ना! माह्यावर काय ओरडून राहिले?"

फोन लावला. मावशीच बोलली, आवाज थकलेला.

"बरी हाव रे आता. डोळे उघडले तं तू जवळ बसून होता. कालच तं दवाखान्यात नेलं तूनं, आज काहून असा इचारून राहिला?"

मला वाटलं, कोणीतरी माझं नाव सांगून घरात शिरतोय. एकटी बाई, घर, पानमळा... रविवारी अकोटमार्गे अंजनगाव गाठलं. कपाट पाहिलं, कागदपत्रं पाहिली. एक वस्तू हललेली नव्हती. मग दवाखान्यात गेलो. कंपाउंडर मला बघून हसला.

"या सर! कशा हायेत मावशी?"

"तुम्ही मला ओळखता?"

"म्हणजे काय! मंगळवारी तुमी चष्मा इथंच इसरून चालले होते. म्याच वापस देला ना."

रजिस्टर मागितलं. माझं नाव, खाली सही. अपघातापासून माझ्या सहीचं शेवटचं अक्षर थरथरतं. तेही तसंच थरथरलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता, तर कठीण होतं."

परत येऊन मी स्वतःवरच संशय घेतला. डोक्याला लागलेला माणूस, काय सांगावं! पण त्या दिवसाच्या प्रत्येक गुणपत्रिकेवर माझी सही होती. परीक्षकांना फोन केला, तर म्हणाले, "अहो सर, दुपारी डबा सोबतच खाल्ला आपण."

पुढच्या खेपेला मावशीला खरं सांगून टाकलं. "मावशी, तो मी नव्हतो."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "मंग माह्या कपाळावर हात ठेवून कोण बसलं होतं रे?"



पासवर्ड बदलला. तशी नोंद पुन्हा आली नाही. तिचा जीव वाचला, त्याचे आभार कोणाचे मानायचे, कळत नाही. आणि ज्यानं वाचवला, त्याची भीतीही वाटते. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही, आजही नाही.

मावशी मात्र बदलली. आता अंजनगावला गेलो, की दार लगेच उघडत नाही. आतून माझ्या मोबाइलवर फोन लावते. बाहेर माझ्या खिशात तो वाजला, मी उचलला, की मगच कडी काढते.